जुनी लाकडी जमीन न उखडण्याविषयी

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतील आमच्या १९२०च्या दशकातील घरात जुन्या लाकडी जमिनीवरच ओकची नवी जमीन बसवल्याचे मी लिहिले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत: दोन थरांमध्ये ओल कोंडून लाकूड कुजेल, जुन्या फळ्यांच्या हालचालीने नव्या फळ्या उचलल्या जातील, आणि जुने उखडण्याचा कंटाळा केल्याचा हिशेब जिन्यापाशी चुकता करावा लागेल. पोपडे आलेल्या भिंतीवर चुना फासण्याची उपमाही आपण दिली आहे. पहिले दोन आक्षेप मला मान्य नाहीत. तिसरा मान्य आहे, आणि मूळ लेखात मी त्याला सोयीस्कर बगल दिली होती.

ओल दोन थर एकावर एक आल्यामुळे निर्माण होत नाही, ती बाहेरून येते, आमच्यासारख्या घरात बहुधा खालून. आपण पुण्यातील वाड्याची तक्तपोशी (मजल्याखालची लाकडी फळ्यांची जोडणी) उतरवल्याचा अनुभव सांगितला आहे. तिथे फळ्यांवर मातीचा भराव आणि त्यावर सारवण असते, गळतीचे पाणी त्या मातीत मुरत राहते आणि फळी आतून गेल्याचे वरून कळतही नाही. आमच्या घराखाली मात्र तळघर आहे, तुळया आणि त्यांच्यावर, जुन्या ओकच्या खाली, तिरप्या ठोकलेल्या फळ्या खालून उघड्या दिसतात, आणि ओलावामापकाच्या सुया टोचून हव्या त्या ठिकाणचा आकडा वाचता येतो. तीन इंचांपेक्षा अरुंद फळी असेल तर नवे लाकूड आणि खालचा थर यांच्या ओलाव्यात ४ टक्क्यांहून अधिक अंतर नसावे, रुंद फळी असेल तर २ टक्क्यांहून, असा या व्यवसायातला दंडक आहे. त्यामागे कारण आहे: तांबड्या ओकची ५७ मिलिमीटर रुंदीची फळी ओलाव्यात ४ टक्के फरक पडला की साधारण ०.८ मिलिमीटरने फुगते किंवा आकसते, आणि आमच्या दिवाणखान्यात अशा सत्तरएक फळ्या शेजारी शेजारी आहेत. तळघर दमट असल्याने आधी तिथे हवेतील ओलावा शोषणारे यंत्र दोन महिने चालवले, मगच ओकचे गठ्ठे घरात आणले, आणि भिंतींलगत १९ मिलिमीटरची फट सोडली.

हालचालीचा प्रश्न दिशेचा आहे. नव्या फळ्या जुन्या फळ्यांना समांतर थेट ठोकल्या तर खिळे जुन्या फटींत पडतात आणि खालची प्रत्येक फट ऋतूबरोबर वरही उमटते. म्हणून त्या आडव्या किंवा तिरप्या बसवाव्यात असे सांगितले जाते. पण जुन्या फळ्या बहुधा तुळयांना आडव्या असतात. त्यांना आडवे जायचे म्हटले की नव्या फळ्या तुळयांना समांतर होतात आणि खालचा आधार पुरेसा ताठ नसेल तर दोन तुळयांच्या मध्ये जमीन दबते. आमचे जुने ओक जेमतेम ८ मिलिमीटर जाडीचे, वरून खिळे मारलेले आणि पूर्वीच कित्येकदा घासलेले होते (‘जुन्यालाच पॉलिश का केले नाही’ याचे उत्तरही हेच), त्यामुळे त्याच्या ताठपणावर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. करकरणाऱ्या फळ्या तुळयांना स्क्रूने आवळून वर १२ मिलिमीटरचे प्लायवूड टाकले आणि त्यावर १९ मिलिमीटरचे ओक तुळयांना आडवे बसवले. वजन चौरस मीटरला सुमारे २० किलोने वाढले. आमच्या तुळयांना ते पेलते, पण ज्यांच्या तुळया आधीच झुकल्या आहेत त्यांनी अभियंत्याला दाखवल्याशिवाय हे करू नये.

आता जिना. १२ आणि १९ मिळून जमीन ३१ मिलिमीटर वर आली आणि १९० मिलिमीटर उंचीची सर्वांत खालची पायरी १५९ वर आली. अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या नमुना संहितेप्रमाणे एकाच जिन्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या पायरीत ९.५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. संहिता राहू द्या, भारतातून आलेल्या माझ्या आईचा पाय तिथे दोनदा अडखळला. शेवटी सुताराने तेराही पायऱ्यांच्या पाटांखाली कमी कमी होत जाणाऱ्या जाडीच्या पट्ट्या घालून तो फरक चौदा चढांमध्ये (एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतच्या उंचीत, शेवटचा चढ वरच्या मजल्यावर जाणारा) वाटला, म्हणजे प्रत्येक चढ सुमारे २.२ मिलिमीटरने कमी झाला. जुने न उखडल्याने वाचलेली सगळी मजुरी तिथे गेली, वर थोडी पदरची घालावी लागली.

जुने उखडून तिरप्या फळ्यांवरच ओक ठोकले असते तर जमीन फक्त ११ मिलिमीटर वर आली असती. दिवाणखान्यात तसेच करायला हवे होते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. तिथे मी खरोखरच कंटाळा केला. जेवणाच्या खोलीत मात्र आजही उखडणार नाही. तिथे पूर्वी लिनोलियम चिकटवलेले होते, त्याचा काळा डिंक फळ्यांवर राहिला होता आणि तपासणीत त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (धूळ श्वासातून गेल्यास घातक असे तंतुमय खनिज) निघाले. असा डिंक खरवडून त्याची धूळ घरभर करण्यापेक्षा तो न छेडता झाकून टाकणे शहाणपणाचे, आणि खाली काय आहे याची नोंद घराच्या कागदपत्रांत ठेवली आहे.

आपल्या मुलाच्या घरी काय करावे, असे आपण शेवटी विचारले आहे. गरम हवा येते त्या जागेवरची जमिनीतली जाळी त्याला उचलायला सांगा. कापलेल्या कडेत जुन्या जमिनीचे सगळे थर एकाखाली एक दिसतील. ते पट्टीने मोजून आणि जिन्याच्या पहिल्या व शेवटच्या पायरीची उंची घेऊन मला कळवा, मग बोलू.