‘टॅपेट अजून वाजतात’ या तक्रारीला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

साध्या टॅपेट सेटिंगला (म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपांची, व्हॉल्व्हची, फट जुळवायला) आम्ही दोन दिवस लावले, बिल जास्त घेतलं, इंजिन तरी टिकटिकतंय आणि घरी गेल्यावर गाडीखाली तेलाचे थेंब दिसले, असं लिहून तुम्ही एक तारा दिलाय. तेलाचं आधी बोलतो, कारण ती चूक आमची.

खालच्या बाजूच्या एका टॅपेट कव्हरमधून ते तेल येतंय. नवीन गॅस्केट बसवल्यावर इंजिन एकदा तापवून, गार करून नट पुन्हा बघायला हवे होते. तुम्हाला कोल्हापूर गाठायचं होतं, आम्हीही गाडी सोडून दिली. गॅस्केट आणि मजुरी, दोन्हीचे पैसे घेणार नाही.

आता दोन दिवसांचं. तुमची पोर्शे 930, 3.3 लिटरची, भर दुपारी चोर्ला घाट चढून इथे बेळगावच्या उद्यमबागेत आली आणि तुम्ही लगेच चावी काढली. (तेही टाळा. या टर्बोचं बेअरिंग तेलावरच गार होतं. एक-दोन मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा, नाहीतर आतलं थांबलेलं तेल जळून काजळी धरतं.) या इंजिनाची टॅपेटची फट 0.10 मिमी, इनलेट (हवा घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर सोडणारा) दोन्ही व्हॉल्व्हना, आणि तीही इंजिन पूर्ण गार असताना. तापलं की ॲल्युमिनियम फुगतं, फट बदलते. म्हणून रात्रभर गाडी आत ठेवली. त्याचे पैसे लावलेले नाहीत, बिल बघा. मात्र हे आधी फोनवर सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

सकाळी इंटरकूलर उतरवला, पुलीवर खूण धरून एक नंबर सिलिंडर घेतला, मग 120 अंशांनी क्रँक फिरवत 6, 2, 4, 3, 5 या क्रमाने बाकीचे. बारा व्हॉल्व्ह. लॉक नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) परत घालून बघावा लागतो. खालच्या एक्झॉस्ट बाजूला तर हात जाईल तिथे डोळा जात नाही. मोटरसायकलचे टॅपेट चहा होईपर्यंत होतात, हे काम तसलं नव्हे.

आवाजाचं मात्र नीट ऐका. ‘आधी एवढा आवाज नव्हता,’ असं तुम्ही म्हणता, ते खरंच आहे. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये 0.05 ची पट्टीसुद्धा जात नव्हती. टॅपेट आवळलेला, म्हणजे फट कमी असली की वाजत नाही, पण व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) पुरता टेकतही नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटमधूनच हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि हेड खोलायची पाळी येते. टर्बोच्या गाडीत तिथली धग आधीच जास्त. आमच्या भागात फाउंड्र्या आणि मशीन शॉप रग्गड आहेत, तरी तुमच्या गाडीचा व्हॉल्व्ह बाहेरून मागवावा लागतो. त्यात या इंजिनाला पाण्याचं जॅकेट नाही, हवेवर गार होणारं आहे, त्यामुळे टिकटिक बाहेर ऐकू येणारच. कानाला बरं वाटावं म्हणून आवळून देणारा कुठेही भेटेल. आम्ही गेजवर सेट करतो.

वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) स्प्रिंग बदलून बूस्ट, म्हणजे तो दाब, वाढवून दिला नाही, ही तक्रार मान्य. पुढेही देणार नाही.

पुढच्या खेपेला संध्याकाळीच गाडी आणून लावा. सकाळी गार इंजिनावर तुमच्यासमोर बाराही टॅपेट मोजू, गेज तुमच्याच हातात देऊ. एखादा जरी मापाबाहेर निघाला तर सेटिंगची सगळी मजुरी परत.