‘फक्त पासपोर्ट घ्या आणि निघा’ हे वाचून निघू नका

मागच्या रविवारी विट्याहून मामाचा फोन आला. “अगं, 62 देशांत आपल्याला व्हिसा लागतच नाही म्हणे. मग दुबईला जाताना माझ्याकडून एवढे कागद कशाला गोळा केलेस?” फोन ठेवल्यावर त्यानं तो मेसेज मला पाठवला. रात्रीपर्यंत तोच मेसेज आणखी तीन ग्रुपवर येऊन पडला.

मेसेज थोडक्यात असा: ‘भारतीय पासपोर्ट असेल तर 62 देशांत व्हिसा लागत नाही. फक्त पासपोर्ट आणि तिकीट घ्या आणि निघा. नेपाळ-भूतानला आधार कार्ड पुरतं. तुर्कस्तानचा ई-व्हिसा पाच मिनिटांत घरबसल्या. इराण, सर्बिया, थायलंड पूर्ण फ्री, तिथे पोचून कामही बघता येतं. एजंट हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’

मी पुण्यात तिकिटांचं आणि व्हिसाच्या कागदांचं काम करते, म्हणजे न सांगणाऱ्यांपैकी मीच एक. म्हणून सांगते.

आधी 62 चं. हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं मान्य करते. कुठल्या पासपोर्टवर आधी व्हिसा न काढता किती देशांत जाता येतं, हे मोजणारा हेन्ली पासपोर्ट निर्देशांक असतो. 2024 च्या सुरुवातीला त्याच्या बातम्यांमध्ये भारतासाठी तोच आकडा होता. पण त्या मोजणीत विमानतळावर पैसे भरून मिळणारा व्हिसा आणि निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवास परवानगी, हे दोन्ही धरलेलं असतं. बालीला गेलात तर ‘व्हिसा ऑन अरायव्हल’चे पाच लाख इंडोनेशियन रुपिया भरावे लागतात. केनियाला आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते आणि तिचं शुल्क भरावं लागतं. याला कोणी ‘व्हिसा लागत नाही’ म्हणत असेल तर शब्दांना काही अर्थच उरला नाही. शिवाय आकडा दर वर्षी खालीवर होतो. दोन वर्षांपूर्वीची यादी घेऊन आज विमानतळावर जायचं नसतं.

सर्बिया घ्या. सर्बियानं भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देण्याची सवलत 1 जानेवारी 2023 पासून बंद केली. तरी सर्बिया अजून यादीत आहेच, कारण पुढे पाठवणाऱ्यानं काही तपासलेलं नाही.

आता इराण. माझा खरा राग इथे आहे.

इराणनं फेब्रुवारी 2024 मध्ये भारतीय पर्यटकांना सूट दिली होती, हे खरं. विमानानं गेलात तर 15 दिवस, सहा महिन्यांतून एकदा. मग काय झालं ते आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं 17 नोव्हेंबर 2025 रोजी जाहीरपणे सांगितलं. नोकरीचं किंवा इराणमार्गे तिसऱ्या देशात पोचवण्याचं आमिष दाखवून भारतीयांना या सवलतीवर तिथे नेलं जात होतं आणि उतरल्यावर त्यातल्या अनेकांचं खंडणीसाठी अपहरण होत होतं. म्हणून इराणनं साध्या पासपोर्टवरची ही सूट 22 नोव्हेंबर 2025 पासून थांबवली. तेव्हापासून इराणमध्ये जायलाच नाही, तर तिथून पुढचं विमान पकडायलाही व्हिसा लागतो. व्हिसाशिवाय इराणला किंवा इराणमार्गे पुढे पाठवतो म्हणणाऱ्या एजंटांपासून लांब राहा, असंही मंत्रालयानं त्याच सूचनेत म्हटलं आहे.

2025 च्या मे महिन्यात पंजाबची तीन मुलं ऑस्ट्रेलियाला म्हणून घरून निघाली आणि तेहरानमध्ये बेपत्ता झाली. घरच्यांना खंडणीचे फोन आले. जूनमध्ये ती सुटली. त्या महिनाभरात त्यांच्या आईवडिलांचं काय झालं असेल, याचा विचार ‘इराण पूर्ण फ्री’ असं टाइप करणाऱ्यानं करावा. आणि हा मेसेज ‘माहितीसाठी’ म्हणून पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकानंही.

‘तिथे पोचून कामही बघता येतं.’ या एका वाक्यापायी मी हे लिहायला बसले. पर्यटक म्हणून मिळालेल्या सवलतीवर नोकरी करता येत नाही. थायलंडनं सवलत दिली, 15 जुलै 2024 पासून तिची मुदत 60 दिवसांपर्यंत वाढवली होती. पण ती सवलत फिरण्यासाठी आहे. ‘बँकॉकला या, डेटा एंट्रीचं काम आहे, राहणं-जेवण फुकट’ असं सांगून बोलावलेल्या मुलांना तिथून गाडीनं थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतला नेतात, मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवरून लोकांना फसवायच्या कामाला बसवतात. मार्च 2025 मध्ये अशा 549 भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणलं. त्यातल्या बहुतेकांचा पहिला टप्पा थायलंडच होता, आणि तिथे उतरताना त्यांच्याकडे व्हिसा कोणी मागितला नव्हता. व्हिसा काढायचा असता तर निदान कागद भरताना कोणीतरी विचारलं असतं, बाबा, कंपनीचं नाव काय, पत्र कुठे आहे?

तुर्कस्तानचा ई-व्हिसा पाच मिनिटांत मिळतो, हे अर्धं खरं आहे. मिळतो, पण ज्याच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशाचा (म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांपैकी एखाद्याचा) चालू व्हिसा किंवा तिथला रहिवासी परवाना आहे त्यालाच. बाकीच्यांनी रीतसर अर्ज करून पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा घ्यायचा. फॉर्ममध्ये ‘माझ्याकडे असा व्हिसा आहे’ अशी खूण करायची जागा असते. लोक पुढे जायच्या घाईत ती खूण करतात, पैसे भरतात, कागद छापून घेतात आणि विमान कंपनीच्या काउंटरवर तो शेंगेन व्हिसा दाखवा म्हटलं की तोंडाकडे बघत राहतात. तिथून घरी जावं लागतं. विमान कंपनी यात दया दाखवू शकत नाही. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला तर त्याला परत आणायचा खर्च आणि दंड तिच्याच माथी पडतो. म्हणून काउंटरवरची मुलगी आधी संगणकात त्या देशाचे नियम बघते, मग बोर्डिंग पास देते. तिला व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज दाखवून उपयोग नाही.

नेपाळ-भूतानला व्हिसा नाही, बरोबर. पण आधार कार्ड पुरत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. नेपाळसाठी 15 वर्षांखालच्या मुलांना आणि 65 च्या वरच्या ज्येष्ठांना आधार चालतं. मामा 68 चा आहे, त्याचं भागेल. मामी 61 ची, तिचं भागणार नाही. मेसेजवर विसंबून दोघं निघाले असते तर एक जण आत आणि एक जण बाहेर. भूतानमध्ये भारतीयांना रात्रीमागे माणशी 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, तेही ‘फ्री’च्या यादीत कोणी लिहीत नाही.

डोमिनिका, ग्रेनाडा वगैरे कॅरिबियन बेटांवर खरोखर व्हिसा लागत नाही. पण भारतातून तिथे थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर विमान बदलण्यापुरताही अमेरिकेचा व्हिसा लागतो, लंडनमार्गे गेलात तर साधारणपणे ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा.

राहिलं ‘फक्त पासपोर्ट आणि तिकीट’. गेल्या वर्षी बारामतीचं एक जोडपं मलेशियाला निघालं होतं. तिकिटं मुलानं स्वतः काढली होती, अशाच एका यादीवर भरवसा ठेवून. मलेशियात भारतीयांना 31 डिसेंबर 2026 पर्यंत 30 दिवसांची सूट आहे, त्यामुळे यादी इथे चुकली नव्हती. पण काकांच्या पासपोर्टची मुदत पाच महिन्यांत संपत होती आणि मलेशियाला किमान सहा महिने लागतात. मुंबई विमानतळावरूनच ते परतले. काकू माझ्यासमोर बसून सांगत होत्या, “व्हिसा लागत नाही म्हटल्यावर बाकी काय बघायचं असतं, हे आम्हाला कुठलं माहीत?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते ‘फक्त’ हा शब्द लिहिणाऱ्याचं.

व्हिसा नसला तरी परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग, खर्चाला पैसे असल्याचा पुरावा, हे इमिग्रेशनवर मागू शकतात. थायलंडला 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, मलेशियाला तसंच वेगळं कार्ड. दोन्ही उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची, दोन्ही फुकट. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी असतात, तिथे कार्डाचा नंबर टाकू नका. आणि व्हिसाबद्दल खात्री करायची असेल तर त्या देशाच्या दूतावासाचं पान उघडा, पान कधी बदललं ती तारीख बघा. मी पैसे घेणारी आहे, माझ्यावरही विश्वास ठेवू नका, तिथेच बघा.

हे सगळं मामाला फोनवर तासभर सांगितलं. तो गप्प ऐकत होता. शेवटी हळू आवाजात म्हणाला, “अगं, मेसेज मला पोरानंच पाठवला होता.” पोरगं म्हणजे माझा मामेभाऊ, 26 वर्षांचा, कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला. त्याला कोणीतरी बँकॉकला बोलावलंय, महिना 70 हजार, कंपनीचं नाव तिथे गेल्यावर कळेल म्हणे. सुट्टीचा अर्जही देऊन झाला होता. मी त्याच रात्री एसटीनं विट्याला गेले. सकाळी तिघं मिळून त्याच्याशी बोललो. तो चिडला, जेवला नाही, मग त्यानं त्या माणसाचे व्हॉइस मेसेज आम्हाला ऐकवले. त्याचा पासपोर्ट सध्या मामीच्या कपाटात आहे.