पंख्याच्या बोर्डावर गोंद ओतायला कुठल्या नियमाने सांगितलं?

काल दुपारी सोलापूरच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक मावशी रिक्षाने माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आल्या, मांडीवर सीलिंग फॅन. बाहेर ४३ डिग्री. पंखा नव्यातलाच, बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा, कमी वीज खाणारा, रिमोटवाला. वॉरंटी दोन वर्षांची, ती संपून दोन महिने झालेत. रात्री लाइट गेली, परत आली, तेव्हापासून पंखा बंद. घरात पत्र्याखाली दिवसभर विड्या वळत बसायचं, त्यात पंखा नाही.

मी तिथंच उघडला. मोटर ठणठणीत, वायंडिंगला काही झालेलं नाही, बेअरिंग लोण्यासारखी फिरते. गेलाय फक्त बोर्ड. तळहातात मावेल एवढा बोर्ड, आणि त्याच्यावर काळा गोंद ओतून पार दगड केलेला. आत कुठला पार्ट उडालाय ते बघायला गोंद खरवडायला गेलं की शेजारचे चांगले पार्ट पण उपटून येतात. ओलावा जाऊ नये, मुंग्या शिरू नयेत म्हणून गोंद लागतो, मला मान्य आहे, मी या धंद्यात आयुष्य काढलंय. पण मग बोर्ड तरी सुटा विका की! सर्व्हिस सेंटरला फोन लावला तर म्हणे ते मॉडेल बंद झालं, बोर्ड येत नाही, एक्सचेंजमध्ये नवीन घ्या. सव्वादोन वर्षात मॉडेल बंद.

त्याच वेळी दुकानात एक ओळखीचे सर बसलेले, रिटायर शिक्षक. ते म्हणाले, हे सगळं सरकारच्या नियमांमुळे, आधीचे पंखे तीस-तीस वर्षं चालायचे, यांनी स्टार रेटिंग आणलं आणि वाट लावली. मग त्यांनी मोबाइलवर अमेरिकेतल्या पेट्रोलच्या कॅनचा व्हिडिओ दाखवला. तिथं २००९ पासून नियम आहे की कॅनमधून वाफ बाहेर पडता कामा नये, त्यामुळे तोंडाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग आली, वेगळं हवेचं भोक गेलं. आणि लोक वैतागलेत, एका हाताने जड कॅन धरायचा, दुसऱ्या हाताने स्प्रिंग दाबायची, पेट्रोल थेंबथेंब येतं नाहीतर सांडतं.

सरांचं ऐकून मी रात्रभर विचार केला म्हणून हे लिहितोय, कारण हे बोलणं मी दुकानात रोज ऐकतो आणि मला ते अर्धंच बरोबर वाटतं.

कॅनचं मी समजू शकतो, नियमामुळे वस्तू वापरायला अवघड होऊ शकते. पण पंख्याचं बघा. १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं झालं, खरं आहे. ते लेबल काय बघतं, तर वीज किती खातो आणि हवा किती देतो. जुना पंखा ७५ वॅट खायचा, हा तीसेक वॅटवर चालतो. दिवसाला १५ तास धरले तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात, मावशींच्या घरात ही मोठी गोष्ट आहे. म्हणजे नियमाने त्यांचं भलंच केलं. बोर्डावर गोंद ओता असं त्या नियमात कुठंय? दोन वर्षात पार्ट बंद करा असं कुठंय? हे कंपनीने ठरवलंय, आणि नाव सरकारवर जातंय.

आणि तो रिमोट. माझ्या घरी पण हाच पंखा लावला आम्ही, आईच्या खोलीत. लावताना भिंतीवरचा रेग्युलेटर काढून टाकावा लागला. आई ७६ वर्षांची. पहाटे गार वाटलं की आधी रेग्युलेटरपर्यंत हात जायचा, अंधारात, डोळे न उघडता, चार पावलं आणि खटखट दोन घरं मागे. आता ती उशीखाली रिमोट चाचपडते, सगळी बटणं एकसारखी, एकाच आकाराची, लाइटचं कुठलं आणि स्पीडचं कुठलं बोटाला कळत नाही, चश्मा लावावा लागतो. सेल संपला त्या रात्री ती अंगावर दोन चादरी घेऊन झोपली पण आम्हाला उठवलं नाही. कुठलाही नियम असा रिमोट बनवायला सांगत नाही. ज्याने बनवला त्याने तो कधी अंधारात आपल्या आईच्या हातात देऊन बघितलाच नाही, एवढंच आहे. काही कंपन्यांच्या पंख्याला भिंतीवरचं बटण बंद-चालू करून स्पीड बदलायची सोय असते, म्हणजे करता येतं, ज्याला करायचंय त्याला.

माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडचा नियम बहुतेक वेळा एवढंच बघतो की माणूस मरू नये किंवा फसू नये. हेल्मेटला १ जून २०२१ पासून आयएसआय सक्तीचं केलं, चांगलंच केलं. औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरी छापायला लावली, चांगलं केलं, पण मेडिकलवाल्याने कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या की तारीख त्याच्याच अर्ध्या तुकड्यावर राहते. रोजच्या वापरात त्रास होऊ नये हे बघणारं कुणीच नाही. आणि ती रिकामी जागा विक्रीवाला भरतो, त्याला वस्तू फक्त काउंटरवर चांगली दिसायला हवी.

आपल्या सोलापूरच्याच टॉवेलचं उदाहरण घ्या. टॉवेलला काही हेल्मेटसारखी सक्ती नाही, म्हणजे नियमांवर ढकलायला जागाच नाही. तरी काय होतं, गिऱ्हाईक दुकानात टॉवेलवरून हात फिरवतं, मऊ लागला की घेतं. म्हणून शेवटी सॉफ्टनर जास्त मारून माल काढतात. घरी नेऊन अंग पुसलं की पाणी अंगावरच पसरतं, टॉवेल पीतच नाही, दोन-तीन धुण्यानंतर कुठं प्यायला लागतो. माझे मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत आयुष्यभर लूमवर होते, ते सांगायचे, चांगला टॉवेल हाताला जरा खरखरीत लागतो, आणि तोच आधी गिऱ्हाईक बाजूला ठेवतं. यात आपली पण चूक आहे, मी मान्य करतो, आपण वस्तू दुकानात तपासतो पण वापरतो घरी.

म्हणून मला नियम कमी नको, वेगळा हवाय. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीनवर १० पैकी मार्क लिहिणं सक्तीचं केलं, वस्तू उघडायला किती सोपी, पार्ट मिळतात का, केवढ्याला मिळतात. असे मार्क पंख्याच्या खोक्यावर स्टारच्या शेजारी छापले तर गिऱ्हाईक दुकानातच विचारेल, याला दहापैकी दोनच का? आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्काचं, पोर्टल काढलं, चांगली सुरुवात आहे, पण पोर्टल बघून माझ्या टेबलावर बोर्ड येत नाही. विकलेल्या पंख्याचा बोर्ड निदान दहा वर्षं परवडेल अशा किमतीत मिळालाच पाहिजे, एवढं एक वाक्य कायद्यात घाला. मिक्सरचे स्क्रू रबरी बुटाखाली लपवून त्याला तीनधारी डोकं करायचं पण बंद करा, ते फक्त आमच्यासारख्याने उघडू नये म्हणून असतं.

मावशींना काल माझ्याकडचा जुना तांब्याच्या वायंडिंगचा पंखा लावून दिलाय, अडीच एमएफडीचा नवीन कपॅसिटर टाकून. वीज जास्त खाईल, तेही सांगितलंय. त्यांचा पंखा टेबलावर आहे. युनिव्हर्सल बोर्ड लावून बघणार आहे, पण त्यावर त्यांचा रिमोट चालणार नाही. तुमच्यापैकी कुणाकडे मोटर जळून बंद पडलेला, तीन पात्यांचा रिमोटवाला बीएलडीसी पंखा माळ्यावर पडला असेल तर भंगारात देऊ नका, मला मेसेज करा, बोर्ड जुळला तर भंगारापेक्षा जास्त पैसे देईन.