समुद्र पश्चिमेला, मग आकाशगंगा पाण्यावर कशी?

नमस्कार,

दक्षिण गोव्यातल्या काब द राम किल्ल्याजवळ मी काढलेल्या आकाशगंगेच्या फोटोवर तुम्ही लिहिलंत की सगळा जन्म इथल्या खोल गावात गेला, पण असं जांभळं आकाश कधी दिसलं नाही. शिवाय आमचा समुद्र पश्चिमेला आणि आकाशगंगेचा तो दाट भाग दक्षिणेला, तेव्हा तो पाण्यावर आला म्हणजे फोटोशॉपच. पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. दुसरा अजिबात नाही.

आधी दुसरा. तिथलं भूशिर समुद्रात घुसलेलं आहे. किल्ल्याबाहेरच्या कड्यावरून अगोंद गावाच्या जरा उजवीकडे बघा, दक्षिणेलाही पाणीच आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे चार-सव्वाचारला धनु राशीतला आकाशगंगेचा मध्य नेमका दक्षिणेला येतो, आपल्याकडून क्षितिजापासून साधारण 45 अंश वर. फोटो तेव्हाचा आहे. मार्चच्या सुरुवातीचा असता तर तुम्ही मला बरोबर पकडलं असतं, कारण तेव्हा उजाडेपर्यंत तो आग्नेयेलाच, डोंगराच्या बाजूला असतो.

आता रंग. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, म्हणून आकाशगंगा आपल्याला चुलीच्या धुरासारखी राखाडी दिसते. कॅमेऱ्यातला सेन्सर वीस सेकंद उजेड साठवतो, त्याला मध्याकडचा पिवळसरपणा आणि हायड्रोजनच्या ढगांचा तांबूसपणा सापडतो. ते खरे रंग. जांभळा मात्र माझा! मासेमारी ट्रॉलरच्या दिव्यांचा हिरवट उजेड काढायच्या नादात सॉफ्टवेअरमधला मॅजेंटाचा, म्हणजे किरमिजी रंगाचा, स्लायडर फार पुढे गेला, आणि रात्री दोन वाजता स्वतःचं काम स्वतःला फारच छान वाटतं. ताऱ्यांभोवतीचं धुकट वलय मात्र सॉफ्टवेअरचं नाही. खाऱ्या हवेत लेन्सवर दव बसलं होतं, मला उशिरा कळलं.

तुमच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट मीच सांगतो. तो एक फोटो नाही, दोन आहेत. आकाश 20 सेकंदांचं, एफ 2.8 (लेन्सचं छिद्र) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 3200 वर. खालचे खडक चार मिनिटांचे, आयएसओ 800 वर. ट्रायपॉड हलवला नाही, दिशा तीच, पण एक्स्पोजर वेगळी. चार मिनिटांत पृथ्वी एक अंश फिरते, तारे रेघा होतात; वीस सेकंदांत खडक नुसते काळे ठिक्कर येतात. जोड देणं मला गैर वाटत नाही, पण फोटोखाली ते लिहायला हवं होतं. आता लिहिलंय, आणि जांभळाही उतरवलाय.

पावसाचे चार महिने काही मिळायचं नाही. ऑक्टोबरात आभाळ मोकळं झालं की अमावास्येच्या आसपास संध्याकाळी साडेसातला त्याच कड्यावर या. तेव्हा तोच पट्टा नैऋत्येला, तुमच्या समुद्रावर उतरत असतो. टॉर्चवर तेवढा लाल जिलेटिन कागद लावून या.