‘आहाराला पदवी कशाला?’ या संदेशातील दाव्यांचा प्रतिवाद

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील व्हॉट्सॲप गटांवर बारावीनंतरच्या वाटांची चर्चा सुरू झाली की एक संदेश हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : आहारतज्ज्ञ होण्यासाठी एम.एस्सी. करणे ही पैशाची नासाडी आहे, तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरेसा आहे, आपल्या आजीला जे कळत होते तेच एम.एस्सी.ला शिकवतात, ‘आरडी’ म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ हा दर्जा परदेशी जाणाऱ्यांपुरता आहे आणि कोकणात या शिक्षणाला काम नाही. मुलींच्या शिक्षणाचे निर्णय अशा चार ओळींवर होऊ नयेत, म्हणून या दाव्यांची तपासणी करणे आवश्यक वाटते.

यातला आजीचा दावा सर्वांत गोड आहे आणि सर्वांत घातकही आहे. कोकणातील घरगुती आहारज्ञान टाकाऊ नाही. जुलाब झाल्यावर मीठ घातलेली भाताची पेज देण्याच्या प्रथेला आधुनिक वैद्यकाचा आधार आहे, आणि नाचणीतील कॅल्शियमची बरोबरी दुसरे कोणतेही रोजचे धान्य करत नाही. मात्र हे ज्ञान धडधाकट माणसाचे किंवा किरकोळ आजाराचे आहे. निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णाला तेच लागू केले तर काय होते, ते शहाळ्यावरून कळते. शंभर मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे मध्यम आकाराच्या एका शहाळ्यातून सुमारे 700 मिलिग्रॅम पोटात जाते. डायलिसिसवरील अनेक रुग्णांना दिवसभराची मर्यादा 2000 मिलिग्रॅमच्या आसपास घालून दिलेली असते. वैशाखात भेटायला आलेला पाहुणा मायेने दोन शहाळी फोडतो, आणि मूत्रपिंडाला बाहेर टाकता न येणारे ते पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकते. भाजी शिजवलेले पाणी फेकू नये, ही घरोघरची शिकवणही या रुग्णापुरती उलटी करावी लागते : बटाटा किंवा सुरण सोलून, पातळ कापून, भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचे. खारवलेल्या सुक्या मासळीने तहान वाढते, आणि प्यायलेले पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहते.

पेजेचेही तसेच आहे. पक्षाघातानंतर गिळता न येणाऱ्या रुग्णाला नाकातील नळीवाटे अन्न द्यावे लागते, आणि पेज गाळून सिरिंजने त्या नळीत सोडणारी कुटुंबे आजही दिसतात. 50 ग्रॅम तांदळाची लिटरभर पेज केली, तर त्या अख्ख्या लिटरमधून जेमतेम 175 किलोकॅलरी आणि 4 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. गाळल्यावर त्याहूनही कमी. 50 किलो वजनाच्या अशा रुग्णाला दिवसाला साधारण 1250 ते 1500 किलोकॅलरी आणि 50 ते 60 ग्रॅम प्रथिने लागतात. पोट भरलेले दिसते, रुग्ण मात्र उपाशी असतो, आणि सतत पडून राहिल्याने पाठीवर झालेली जखम का भरत नाही हे घरच्यांना उमगत नाही. दुसरीकडे, बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पुरेपूर आहार सुरू केला, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने खाली येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. किती द्यायचे, कोणत्या गतीने वाढवायचे, कोणते रक्ततपासणी अहवाल पाहून थांबायचे, हा पदव्युत्तर अभ्यासाचा गाभा आहे, आणि तो वॉर्डात, अनुभवी आहारतज्ज्ञाच्या हाताखालीच शिकता येतो.

तीन महिन्यांच्या कोर्सबाबत हिशेबच पुरेसा आहे. राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा 2021 मध्ये संमत झाला आणि त्याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञ समाविष्ट आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी त्यात किमान 3600 तासांचे, तीन ते सहा वर्षांत विभागलेले शिक्षण अपेक्षित आहे. तीन महिने रोज आठ तास, रविवारही न सोडता, अभ्यास केला तरी 720 तास भरतात. हौसेने शिकण्यास कोणाचीच हरकत नाही. त्या बळावर मधुमेही गरोदर स्त्रीचा आहार ठरवू नये, एवढेच.

‘आरडी’विषयी संदेशात अर्धे सत्य आहे. भारतात हा दर्जा इंडियन डायटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन देते; तो सरकारी परवाना नव्हे, आणि त्याच्याशिवायही लोक आहारतज्ज्ञाची पाटी लावत आले आहेत. पण तो परदेशासाठीच आहे, हे म्हणणे वस्तुस्थितीच्या नेमके उलटे आहे. भारतातील आरडी अमेरिकेत आपोआप आरडी ठरत नाही. तिथे 1 जानेवारी 2024 पासून परीक्षेला बसण्यासाठीच पदव्युत्तर पदवी अनिवार्य झाली आहे आणि किमान 1000 तासांचे देखरेखीखालील प्रशिक्षण लागते. म्हणजे परदेशाचे स्वप्न असेल, तर एम.एस्सी. टाळण्याचा सल्ला अधिकच चुकीचा ठरतो.

कोकणात काम नाही, हा दावा मात्र सरसकट खोडून काढता येणार नाही. छोट्या खासगी रुग्णालयांत पूर्णवेळ पद क्वचितच असते आणि पगारही बेताचा असतो. तरीही 2016 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांपर्यंत ही सेवा आली आहे, आणि अलिबाग, रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. पालघरसारख्या जिल्ह्यात पोषण पुनर्वसन केंद्रांचे काम आहे, जिथे तीव्र कुपोषित बालकाला आधी शंभर मिलिलिटरला 75 किलोकॅलरी देणारे दूध आणि प्रकृती सावरल्यावरच 100 किलोकॅलरीचे दूध दिले जाते. गरज आहे; पदे तिच्यामागून रखडत येत आहेत.

मुंबईत राहून शिकण्याचा खर्च चिपळूण किंवा मालवणच्या कुटुंबाला जड जातो, ही अडचण खरी आहे आणि संदेशाची लोकप्रियताही बहुधा तिच्यातूनच आली असावी. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाला थेट विचारावे : इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात होते, तिथे अतिदक्षता व मूत्रपिंड विभाग आहेत का, विद्यार्थ्यांवर देखरेख नोंदणीकृत आहारतज्ज्ञ करतात का, आणि या पदवीवर आरडीच्या परीक्षेला बसता येते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागावे.