शंभराचे एकशे सहा

रविवारी सकाळी भाच्याचा फोन. "मामा, पीसी चालू होतोय, पण डी ड्राइव्ह फॉरमॅट करा म्हणतोय." डी ड्राइव्हवर ताईच्या क्लासचा फीचा हिशेब आणि तीन वर्षांचे फोटो. काय केलंस, विचारलं तर आधी "काही नाही", मग हळूच एक रील पाठवलं. तेच रील मला दोन ग्रुपांवर आलं होतं आणि मी न बघता सोडून दिलं होतं.

रीलचं म्हणणं असं: बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बीसीएलके, म्हणजे मशीनचा मूळ ठोका (बस स्पीड), १०० मेगाहर्ट्झवरून १०६ करा. ग्राफिक्स कार्डाला मोठा रस्ता मिळतो, तेवढेच टक्के एफपीएस, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढतात, एसएसडीसुद्धा पळते. आणि बिघडलंच तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळ करा, सगळं पूर्ववत.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण घात त्यानेच केला.

भाच्याचं मशीन सेकंडहँड, प्रोसेसर इंटेलचा आय-५ २४००, म्हणजे २०११ ची सँडी ब्रिज पिढी. या पिढीत इंटेलने सगळी गुरं एकाच दाव्याला बांधली. प्रोसेसर, रॅम, पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट), बोर्डवरच्या चिपसेटकडे जाणारी लिंक आणि साटा (डिस्कची जोडणी), सगळं त्याच एका १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर. १०६ केलं की कार्डाबरोबर हार्ड डिस्कचा कंट्रोलरही ओढला जातो आणि १३३३ ची रॅम १४१३ वर जाते. साटाच्या केबलवर चूक झाली तर सीआरसी, म्हणजे डेटासोबत जाणाऱ्या पडताळणीच्या आकड्याच्या, तपासणीत ती पकडली जाते. पण रॅममध्येच एखादा बिट उलटला, तर चुकीचा डेटा अगदी बरोबर सीआरसी लावून डिस्कवर जातो, त्याला कोणी अडवत नाही. आणि लिहिता लिहिता मशीन हँग झालं तर फाइल सिस्टमच्या नोंदी अर्धवट राहतात. शनिवारी रात्री साहेबांचं मशीन तीनदा गोठलं, तिन्ही वेळा पॉवर बटण दाबून बंद केलं, आणि पुन्हा गेम सुरू!

सीमॉस क्लिअर केल्यावर आकडा १०० वर येतो, हे खरं. जंपर जोडा किंवा बोर्डवरचा गोल सेल काढा, झालं. पण डिस्कवर जे चुकीचं लिहून झालं ते कुठला जंपर दुरुस्त करणार?

आता एफपीएस. पीसीआय एक्सप्रेसच्या स्पेसिफिकेशनमध्ये या पिढीला रेफरन्स क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि सूट अधिक-उणे ३०० पीपीएम. दहा लाखांत तीनशे, म्हणजे ०.०३ मेगाहर्ट्झ. रीलवाला ६ वाढवायला सांगतो, सुटीच्या दोनशे पट. बदल्यात काय? या मशीनच्या सोळा लेनच्या (सोळा पदरी) पीसीआय एक्सप्रेस २.० स्लॉटवर एका दिशेला सेकंदाला ८ जीबी, त्याचे साडेआठ. रस्ता वाढवून एफपीएस किती वाढतात ते बघायचं तर हार्डवेअर तपासणाऱ्या टेकपॉवरअप या साइटची चाचणी बघा: आरटीएक्स ४०९० या तगड्या कार्डाला पीसीआय एक्सप्रेस ४.० वरून ३.० वर, म्हणजे निम्म्या रस्त्यावर आणलं, तरी सरासरी फरक दोनेक टक्क्यांचा. भाच्याचं कार्ड जीटीएक्स १६५०. त्याचा कोर आणि मेमरी कार्डावरच्या स्वतःच्या क्रिस्टलवर, म्हणजे ठोका देणाऱ्या स्फटिकावर, चालतात, स्लॉटचा ठोका वाढवून त्यांना काही फरक पडत नाही.

अपवाद आहे, तो मान्य करतो. २००८ मध्ये टेकपॉवरअपनेच शोधून काढलं होतं की जीफोर्स ९६०० जीटी या कार्डाचा कोर २७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलऐवजी पीसीआय एक्सप्रेसच्या १०० चा चौथा भाग, म्हणजे २५, आधार धरतो. बस ११० केली की ६५० मेगाहर्ट्झचा कोर थेट ७१५. तेव्हा ही युक्ती खरोखर चालत होती. त्या एका कार्डाची गोष्ट उडत उडत रीलवाल्याच्या कानावर आली असेल, तर असो.

नव्या मशीनवर तर हा सल्ला हास्यास्पद आहे. २०१५ च्या स्काइलेक पिढीपासून इंटेलने पीसीआय एक्सप्रेसचं क्लॉक बीसीएलकेपासून वेगळं केलं, त्यामुळे बस वाढवलीत तरी कार्डाला पत्ताही लागत नाही. एसएसडीबद्दल मी काही बोलत नाही.

बायोसमध्ये पीसीआय-ई (पीसीआय एक्सप्रेस) फ्रिक्वेन्सी वेगळी दिसत असेल तर ऑटो काढून १०० लिहा आणि विसरून जा. कार्डच पळवायचं असेल तर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोर क्लॉक दहा-पंधरा मेगाहर्ट्झच्या पायरीने वाढवा. कार्ड अडखळलं तरी सहसा ड्रायव्हर रिसेट होतो, डिस्कला धक्का लागत नाही. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेस पीसीआय एक्सप्रेस १.१ दिसला म्हणून घाबरू नका, कार्ड निवांत असताना तसंच दिसतं. लोड देऊन बघा.

टेस्टडिस्क हे डेटा परत मिळवायचं सॉफ्टवेअर चालवून बहुतेक फोटो मिळाले. फीची एक्सेल फाइल मिळाली नाही, ताई पालकांच्या पावत्या मागवून हिशेब पुन्हा लिहितेय. कॅबिनेट उघडलं तर रॅमची ४ जीबीची एकच स्टिक, दुसऱ्या चॅनेलचा स्लॉट रिकामा; म्हणजे वेग वाढवायची खरी जागा तिथेच होती. दुसरी स्टिक आता भाच्याच्या पॉकेटमनीतून येणार आहे, तीही पावत्या टाइप करून झाल्यावर.