शेवटच्या थांब्यापर्यंतचं तिकीट

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: सोलापूरची सिटी बस जगवायची की बंद करायची. भाच्याचं म्हणणं सरळ आहे. बस तोट्यात, रस्त्यावर गाड्या मोजक्या, घरटी एक टू-व्हीलर, चौकाचौकात शेअर रिक्षा. मग कराचा पैसा त्यात का ओतायचा? ‘मामा, तुम्हाला तिकडं बसून बोलायला सोपंय,’ असंही त्यानं लिहिलं. ग्रुपवर चार ओळींत उत्तर देता येईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी मँचेस्टरला राहतो. आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. 1877 साली सुरू झालेल्या त्या मिलच्या भोंग्यावर आमच्या घरचं घड्याळ चालायचं, असं आई सांगते. कापसावर मोठ्या झालेल्या दुसऱ्या एका गावात मी येऊन पडलो आणि ते गाव मला कळलं ते बसमधून. रविवारी मुलीला घेऊन 83 नंबरची बस पकडायची, वरच्या मजल्यावर अगदी पुढं बसायचं आणि ओल्डहॅमच्या पुढं शोल्व्हरपर्यंत, म्हणजे बस जिथं वळते तिथपर्यंत जायचं. वाटेत लाल विटांच्या गिरण्या लागतात. कुठं फ्लॅट झालेत, कुठं गोदाम. शोल्व्हरला बघण्यासारखं असं काही नाही. टेकडीवरची वस्ती, वारा आणि पिशव्या सावरत उतरणारी माणसं. पण ही माणसंही याच शहराची आहेत, हे मला तिथं गेल्यावर समजलं.

आता भाच्याच्या मुद्द्यावर येतो. तो म्हणतो तो प्रयोग इथं होऊन गेलाय. 1986 च्या ऑक्टोबरात लंडन सोडून इंग्लंडभर बससेवा खुली केली. कुठल्या कंपनीनं कुठं गाडी चालवायची, हे तिनंच ठरवायचं. गर्दीच्या विल्मस्लो रोडवर एकामागे एक बसा लागल्या, आणि कडेच्या वस्त्यांत संध्याकाळनंतर गाडी मिळेना. एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या बसमध्ये चालायचं नाही. शेवटी मँचेस्टर आणि आसपासच्या गावांनी मिळून 2023 च्या सप्टेंबरात बोल्टन-विगनपासून सुरुवात करून जानेवारी 2025 पर्यंत आपले सगळे मार्ग पुन्हा सार्वजनिक ताब्यात घेतले. बस अजूनही खासगी कंपन्याच चालवतात, पण मार्ग, वेळ आणि भाडं शहर ठरवतं. एकाच तिकिटात तासाभरात कितीही बसा बदलता येतात. पिवळ्या रंगाच्या त्या बसांवर मधमाशी आहे, या शहराची कष्टकऱ्यांची जुनी खूण. हे सगळं व्हायला सदतीस-अडतीस वर्षं लागली. तेवढ्यात एक पिढी थांब्यावर उभी राहून म्हातारी झाली. म्हणून मला घाई आहे.

या जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेला, घरी आलो होतो. यण्णीमज्जनाच्या दिवशी नंदीध्वजांच्या मागं आईबरोबर चाललो. सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापलेल्या 68 लिंगांना त्या दिवशी तेलाचा अभिषेक असतो. लहानपण सोलापुरात गेलं, तरी त्यातली निम्मी लिंगं मी पाहिलेली नव्हती. घरी येऊन आईला म्हटलं, चल, उरलेलं गाव बसनं बघू. भैय्या चौकाजवळ डॉ. कोटणीसांचं स्मारक पाहिलं. 1910 साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर चीनच्या युद्धात जखमींची सेवा करता करता 1942 मध्ये तिथंच गेला. आमच्या घरापासून ते किती जवळ, आणि आई पहिल्यांदाच आत आली होती.

दुसऱ्या दिवशी कुंभारीच्या विडी घरकुलाकडं निघालो. बस बऱ्याच वेळानं आली, पण आली. अशोक चौक, शांती चौक, मग अक्कलकोट रोड. खिडकीतून यंत्रमागांची खटखट आत येत होती. मराठी, तेलुगू, कन्नड एकाच सीटवर चालू होतं. शेजारी बसलेल्या अक्कांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं होती. ओली करून दाबून ठेवलेली. त्यांच्या अंगठ्याचं नख कातरीसारखं टोकदार वाढलेलं आणि बोटांच्या पेरांवर तंबाखूचा तपकिरी डाग. आईनं विचारलं, रोज बसनंच येता का? म्हणाल्या, ‘बस घावली तर बस. नाहीतर रिक्षा. रिक्षावाला सीटा भरल्याशिवाय हलत नाही की ओ. पोरं शाळेतनं येतात तवर घरी पोचाया पाहिजे.’

त्या जिथं उतरल्या त्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. कामगार नेते आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी लढून दहा हजार घरं मिळवली; 2006 साली ती ताब्यात आली. घर मिळालं ते गावापासून लांब. त्या घराला गावाशी जोडणारी दोरी म्हणजे ही बस, आणि ती तुटली तर पानं आणायला नि विड्या पोचवायला जाणाऱ्या बाईच्या मजुरीतलाच पैसा रिक्षात जातो. तोट्याच्या हिशेबात हा आकडा कुठंच येत नाही. भाच्याच्या पोस्टमध्येही नव्हता. टू-व्हीलर घरटी असेल, पण ती कोण घेऊन जातं? अक्का तर नाहीत.

तोटा खोटा आहे असं मी म्हणत नाही. गाड्या उभ्या राहतात, पगार थकतात, हे मला कळतं. पण आता केंद्राच्या ई-बस योजनेत सोलापूरचं नाव आहे. 2023 साली जाहीर झालेल्या त्या योजनेत बस कंत्राटदार चालवणार आणि चालवण्याच्या खर्चाला दहा वर्षं केंद्राचा हातभार असणार. म्हणजे मँचेस्टरनं इतक्या वर्षांनी उभं केलं, जवळपास तेच आपल्याला आयतं मिळतंय. फक्त मार्ग कोण आखणार? नव्या गाड्या स्टेशन ते सात रस्ता एवढ्यातच फिरल्या, तर फोटो छान येतील आणि कुंभारीची अक्का रिक्षा भरायची वाट बघत बसेल.

भाच्याला मी एवढंच सांगितलंय: सुट्टीच्या दिवशी आजीला घेऊन त्या बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जा, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारून मला कळव. वाद आपण तिथून पुढं घालू.